मेंढरांची वाट आणि पावसाची चाल



दसरा-दिवाळी उरकली, माळावरचे गवत पिवळे पडू लागले, की गावावरून धनगरांचा वाडा जाताना आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. पुढे काठी खांद्यावर टाकलेला मेंढका, त्याच्यामागे शे-दोनशे मेंढरांचा धुरळा, बाजूने दोन-चार कुत्री आणि मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून चाललेल्या बायाबापड्या. घोड्याच्या पाठीवर पाहावे तर भांडीकुंडी, घोंगडी, कोंबड्या, काल-परवा जन्मलेली कोकरे, आणि त्यांच्यातच एखादे तान्हे मूल! आपण दारात उभे राहून म्हणतो, "निघाले बघा कोकणात." आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो.

आज मला याच 'निघाले' या शब्दाविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. ही माणसे का निघतात? केव्हापासून निघतात? आणि ज्या पावसाच्या हिशेबावर ती निघतात, तो पाऊसच आपली चाल बदलू लागला तर त्यांचे काय होते?

प्रथम आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरावर वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला फलटण-म्हसवडच्या माळावर उतरावे, तर तोच पाऊस जेमतेम पाचशेवर येतो. एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला फुफाटा. मध्ये फक्त डोंगराची एक भिंत. फलटण, माण, खटाव, बारामती, पारनेर, सांगोला, जत हा सगळा त्या भिंतीच्या सावलीतला, कमी पावसाचा मुलूख. मेंढीला मानवतो तो हाच. दख्खनी मेंढी काटक खरी. ती कोरड्या माळावर कुसळी-मारवेल खाऊन राहील, कोसभर चालून पाण्याला जाईल. पण तिला ओल सोसत नाही. सतत भिजली की खूर सडतात, छाती भरते, पोटात जंत होतात.

म्हणून आपल्या पूर्वजांनी एक सोपा पण फार शहाणपणाचा नेम घालून घेतला. पावसाळ्यात मेंढरे घरच्या कोरड्या माळावर ठेवायची, कारण तेव्हा तिथे कोवळे गवत असते आणि पाऊस बेताचा असतो. दिवाळीनंतर माळ वाळला, की घाट उतरून कोकणात जायचे. तिथे तोवर भाताची कापणी झालेली असते, खाचरे मोकळी असतात, झाडपाला भरपूर असतो. उन्हाळा तिथे काढायचा, आणि मृग लागायच्या आत पुन्हा घाट चढून घर गाठायचे. कोणी वरंधा घाटाने जातो, कोणी कुंभार्लीने. पारनेरकडचे धनगर माळशेज उतरून कल्याण-भिवंडीच्या बाजूला जातात.

या जाण्या-येण्यात शेतकऱ्याचाही वाटा असतो बरे का! मेंढरे रात्री शेतात बसवायची. भोवती जाळी लावायची. तिला वाघर म्हणतात. सकाळपर्यंत लेंडी आणि मूत जमिनीला मिळते. त्याच्या बदल्यात शेतकरी पूर्वी भात किंवा ज्वारी मापून देई. आता बहुतेक ठिकाणी रोख पैसे देतात. गाडीभर खत वाहून न्यायला नको आणि पसरायलाही नको. ज्यांनी मेंढरे बसवलेल्या रानातले पीक पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि जिथे पाऊस फारच, तिथे काय? तिथे मेंढी टिकत नाही, म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे गवळी धनगर मेंढी पाळत नाहीत, म्हैस पाळतात. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी १९८२ साली या गवळी धनगरांवर निबंध लिहिला. नात्यागोत्याने जवळच्या असलेल्या या जमातींनी पाऊस पाहून आपापले जनावर आणि आपापली जागा ठरवून घेतली आहे. कोणत्या माळावर कोण, कोणत्या महिन्यात कोण, याची ही वाटणी कुठे कागदावर लिहिलेली नाही. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

आता मागे जाऊ. थोडेथोडके नव्हे, तीन हजार वर्षे मागे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन सुरू केले, आणि ते पुढे कितीतरी हंगाम चालले. मातीखाली एक जुने शेतकऱ्यांचे गाव निघाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, ते गाव नांदले. त्याच्या भरभराटीच्या काळात लोक ऐसपैस चौकोनी घरांत राहत, जव पिकवीत, नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला होता, बांध घातला होता. पण इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या आल्या. मातीची भांडी ओबडधोबड झाली. शेती मागे पडली आणि शेळ्या-मेंढ्यांवरची भिस्त वाढली.

असे का झाले? या उत्खननाचे एक प्रमुख संशोधक म. के. ढवळीकर यांनी उत्तर दिले की, हवामान कोरडे होत गेले. पाऊस घटला, शेती पोट भरीना, तेव्हा माणसांनी नांगर थोडा बाजूला ठेवला आणि मेंढरे पुढे घातली. ती अर्धी फिरती झाली. सगळ्याच विद्वानांनी हे मत जसेच्या तसे स्वीकारले आहे असे नाही. पण शिक्षक मंडळींनी वर्गात मांडावा असा हा विचार आहे. आपण समजतो की माणूस आधी गुराखी होता, मग सुधारून शेतकरी झाला. इनामगावची माती सांगते की, वेळ आली तेव्हा शेतकऱ्यानेही मेंढपाळाची वाट धरली. फिरस्ती हा मागासपणा नव्हता. लहरी आभाळाखाली जगण्याची ती एक युक्ती होती.

पुढच्या इतिहासातही ही युक्ती वारंवार उपयोगी पडली. दख्खनला दुष्काळ नवा नाही. चौदाव्या शतकाअखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालल्याचे परंपरा सांगते. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने तर गावेच्या गावे ओस पाडली. देहूला तुकोबांच्या घरावरही त्याने घाला घातला. १८७६ ते १८७८ या सालांत सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा हा पट्टा होरपळला. शतक संपता संपता १८९६ आणि १८९९ साली पुन्हा तेच. १९७२ चा दुष्काळ तर आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. त्यांनी रोजगार हमीची खडी स्वतःच्या हातांनी फोडली आहे. अशा प्रत्येक वेळी शेतकऱ्याची जमीन जागेवर वाळली. मेंढपाळाचेही हाल झालेच. कळपच्या कळप मेले. पण त्याच्यापाशी एक गोष्ट उरत होती, ती म्हणजे पाय. इथे पाऊस नसेल तर जिथे असेल तिथे तो जाऊ शकत होता.

मात्र त्यासाठी एक अट होती. वाट मोकळी हवी आणि वाटेत चारा हवा.

ही अट एकोणिसाव्या शतकात तुटू लागली. १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कायदा केला. डोंगरउतारावरची राने राखीव झाली, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चरत होती, तिथे चरणे हा गुन्हा ठरला. त्याच शतकाअखेरीस नीरा नदीच्या खोऱ्यात कालवे आले. पुढे ऊस आला. पाणी आले हे चांगलेच झाले, त्याला कोण नको म्हणेल? पण बारमाही पिकात मेंढरांना पाय ठेवायला जागा नसते. नंतर गायराने मोजली गेली, वाटली गेली, त्यांच्यावर कारखाने, वसाहती आणि रस्ते झाले. आज वाड्याला कित्येक ठिकाणी हमरस्त्याच्या कडेने, ट्रकच्या भोंग्यात मेंढरे हाकावी लागतात.

इथवर झाला जमिनीचा इतिहास. आता आभाळाकडे वळू.

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली हवामानबदलाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात म्हटले आहे की, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. आणि १९५१ ते २०१५ या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे कधी एकाएकी भरमसाट बाष्प घेऊन येतात, हे त्याचे एक मोठे कारण. आणि तापमान वाढण्याचे मूळ कुठे? कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवेत सोडलेल्या वायूंत. हा धूर काही मेंढक्याच्या चुलीचा नव्हे.

आता हे आकडे धनगराच्या पंचांगाला लावून पाहा. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत. हवामान खात्याने नव्या नोंदी तपासून २०२० साली ती ८ ऑक्टोबर केली. २०१९ साली तर देशाच्या वायव्य टोकापासून पाऊस परतायला सुरुवातच मुळी ९ ऑक्टोबरला झाली. इतका उशीर पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. पाऊस लांबला की कोकणात भात शेतात उभेच राहते किंवा आडवे होऊन भिजते. खाचर मोकळे नाही म्हणजे मेंढरे बसवायची कुठे? इकडे घरचा माळ तर खाऊन संपलेला. मधले आठ-पंधरा दिवस काढायचे कसे?

जसे जाणे, तसेच येणे. मुंबईला मोसमी पाऊस यायचा तो ११ जूनच्या सुमारास. २०२५ साली तो २६ मे रोजी आला. त्याआधीची सर्वांत लवकरची नोंद १९५६ सालच्या २९ मेची होती. पंचांगाप्रमाणे २६ मेला रोहिणी नुकती लागलेली असते. मृगाला दोन आठवडे अवकाश असतो. मृगाच्या आत घर गाठायचे, या हिशेबाने निघालेला वाडा त्या दिवशी कुठे असेल, याची आपण कल्पना करू शकतो. घाटाच्या चढणीवर, उघड्यावर, पोराबाळांसह. डोक्यावर धो धो पाऊस आणि पायाखाली निसरडा रस्ता. दोन आठवडे हा शहरातल्या माणसाला लहानसा फरक वाटेल. पण ज्याचे घर घोड्याच्या पाठीवर आहे, त्याचे सगळे गणित त्या दोन आठवड्यांवर असते.

पण सर्वांत जिव्हारी लागलेला घाव २०२१ सालचा. डिसेंबरची पहिली आणि दुसरी तारीख. कार्तिक सरत आला होता. पाऊस संपून थंडी पडण्याचे दिवस. एकाएकी आभाळ भरून आले आणि रात्रभर पाऊस व गार वारा सुरू झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत, आणि पलीकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, उघड्या रानात बसलेली मेंढरे जागच्या जागी गारठली. हजारांहून अधिक मेंढ्या-शेळ्या त्या पावसात मेल्या. लोकर भिजली की तिची ऊब जाते आणि तिचे ओझे होते. त्यावर वारा सुटला की अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते. कोकरे आणि गाभण मेंढ्या आधी जातात. सकाळी वाघर उघडावी, तर जनावर उठतच नाही. ज्याची शंभर मेंढरे होती, त्याची वर्षाची कमाई, बँक, मुलीचे लग्न, सगळे त्या चिखलात आडवे पडलेले!

आणि ही जागा कोणती, लक्षात आले का? शिरूर तालुका. तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावकरांनी जिथे शेळ्या-मेंढ्यांचा आधार घेतला, तेच हे घोड नदीचे खोरे. तेव्हा पाऊस आटला म्हणून मेंढी उपयोगी पडली. आता अवेळी पाऊस आला म्हणून मेंढी मेली. जुन्या आणि नव्या संकटातला फरक इथे उघड दिसतो. कोरडेपणाला मेंढपाळाकडे उत्तर होते, आणि ते त्याने हजारो वर्षे घासून-पुसून तयार केले होते. अवेळी पावसाला त्याच्याकडे तसे उत्तर नाही, कारण त्याचे सारे शहाणपण महिने आणि नक्षत्रे यांच्यावर बांधलेले आहे. नक्षत्र आकाशात वेळेवर येते. पाऊस येत नाही.

मरणाइतकाच आजार वाईट. लांबलेल्या ओलीत चिलटांसारख्या बारीक माश्या वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून मेंढ्यांना निळ्या जिभेचा रोग होतो. तोंड सुजते, जनावर लंगडते, चारा सोडते. दीर्घ उपासानंतर एकदम कोवळे गवत अधाशीपणाने खाल्ले, तर आंत्रविषाराने धडधाकट मेंढरू काही तासांत कोसळते. लसी आहेत, पण फिरत्या वाड्याला लस वेळेवर मिळणे हे दैवावर. डॉक्टर तालुक्याला आणि वाडा कुठल्या तरी तिसऱ्याच गावाच्या शिवारात!

त्यात आणखी एक भर पडली आहे. जाड्याभरड्या दख्खनी लोकरीला आता भाव राहिला नाही. पूर्वी सनगर घोंगड्या विणत. आज कित्येकदा कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. बाजाराला मांस हवे. म्हणून अनेकांनी मोठ्या अंगाच्या, कमी लोकरीच्या जाती कळपात आणल्या. त्यांना पैसा अधिक मिळतो हे खरे. पण दख्खनी मेंढीचे काटकपण आणि लांब चालण्याची ताकद त्यांच्यात तितकी उतरत नाही. एका बाजूने आभाळ बिघडते आहे आणि दुसऱ्या बाजूने त्याला तोंड देणारे जनावर कमी होते आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मग कोणी म्हणेल, "एवढा त्रास आहे, तर यांनी फिरणे सोडावे आणि एका जागी राहून मेंढ्या पाळाव्यात." हा सल्ला देणे सोपे आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एवढ्या तोंडांना बारा महिने विकतचा चारा घालायचा तर तो पिकवायचा कुठे आणि कोणत्या पाण्यावर? शिवाय जागा ठराविक झाली की दुष्काळात पाय बांधले जातात. आभाळाचा भरवसा जितका कमी, तितकी हलण्याची मोकळीक अधिक हवी. आपण मात्र नेमके उलटे करीत आलो आहोत. पाऊस बेभरवशाचा होत असताना वाटा बंद करीत आहोत.

काही गोष्टी कागदावर तरी झाल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली महामेष योजना आणली; तीत वीस मेंढ्या आणि एक नर देण्याची तरतूद आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांच्यासाठी म्हणून जाहीर केले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण मेंढी दिली आणि तिला चालायला वाट दिली नाही, तर काय उपयोग?

म्हणून माझे मागणे आपल्याकडेच आहे, कारण वाट जाते ती आपल्या गावातून. गावाच्या सभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा, वर्षातून पंधरा दिवस तिथे उतरणाऱ्या वाड्याचीही आठवण ठेवा. अवेळी पावसाची सूचना तुमच्या मोबाइलवर किंवा रेडिओवर आली, तर शिवारात उतरलेल्या मेंढक्याला कोणी तरी जाऊन सांगा. तो कदाचित डोंगराआड असेल, त्याच्यापर्यंत ती पोहोचली नसेल. अशा रात्री एखादे रिकामे गोदाम, देवळाची ओसरी, शाळेचा व्हरांडा कोकरांसाठी उघडून द्या. २०२१ सालच्या त्या रात्री किती तरी कोकरे एवढ्या आडोशाने वाचली असती.

आणि गुरुजी, आपल्याला एक विशेष विनंती. हिवाळ्यात एखादे धनगराचे पोर चार-आठ दिवसांसाठी आपल्या शाळेच्या दाराशी येऊन उभे राहील. पटावर त्याचे नाव नसेल. त्याला आत बसवा. भूगोलाच्या तासाला त्याला फळ्याशी बोलवा आणि घराकडून इथपर्यंतची वाट काढायला सांगा: पाणी कुठे मिळाले, कोणते गवत कुठे होते, यंदा कुठल्या गावी पावसाने गाठले. आपल्या पोरांना सह्याद्रीची भिंत, पावसाची छाया आणि बदलते हवामान हे तिन्ही धडे एका नकाशात मिळतील. आणि त्या पोराला कळेल की आपल्याला येते तेही ज्ञानच आहे.

यंदा दिवाळीनंतर वाडा आपल्या गावावरून जाईल, तेव्हा दारातून नुसते "निघाले" म्हणू नका. दोन पावले पुढे व्हा आणि विचारा, "पाव्हणं, औंदा पावसानं कसं केलं?" त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.